शिवीच्या जागी 'हात्तिच्या' : कोणता उद्गार कुठे चालतो आणि कुठे चालत नाही

प्रश्नकर्त्यांनी थोडक्यात असे विचारले आहे : बोलताना शिव्या येण्याची सवय अनेक वर्षांची आहे, आता घरातले लहान मूल ऐकलेला प्रत्येक शब्द परत म्हणू लागले आहे, तर 'अरेच्चा', 'हात्तिच्या', 'बाप रे' असे जुन्या पिढीचे उद्गार वापरून ही सवय मोडता येईल का, आणि तसे बोलू लागल्यावर आपण नाटकातल्या पात्रासारखे तर वाटणार नाही ना? मी स्पीच थेरपिस्ट आहे. माझे बरेचसे काम पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या रुग्णांबरोबर चालते आणि उरलेले, एरवी धडधाकट असलेल्या पण बोलण्याची एखादी सवय बदलू पाहणाऱ्या माणसांबरोबर. सवय मोडता येते, असेच माझे उत्तर आहे. मात्र बहुतेक जण ज्या रीतीने हा प्रयोग करतात, त्या रीतीने तो फसतो.

फसण्याचे कारण असे की, माणूस आपल्या सगळ्या शिव्यांच्या बदल्यात एकच सभ्य शब्द ठरवतो आणि तोच सगळीकडे वापरू पाहतो. वास्तविक तोंडात बसलेली शिवी एकच असली, तरी दिवसभरात ती अगदी निरनिराळी कामे करत असते. करंगळी टेबलाच्या पायावर आपटली की ती कळ बाहेर काढते. तासभर खपून केलेले काम जतन होण्यापूर्वी पुसले गेले की ती चरफड व्यक्त करते. जुना मित्र अवचित समोर आला की तीच लाडाने येते. रस्त्यात कोणी गाडी आडवी घातली की ती त्या माणसावर फेकलेली असते. आणि पुष्कळदा ती काहीच करत नसते, पुढचा शब्द सुचेपर्यंतची जागा तेवढी भरत असते. 'अरेच्चा'ला यांतले एकही काम धड जमत नाही. त्याचे काम अनपेक्षित गोष्टीचे आश्चर्य दाखवण्याचे, फार तर मित्र अवचित भेटल्यावर तो शोभेल. ठेचकाळलेल्या बोटासाठी तो वापरला की पोकळ वाटतो, आणि दोन दिवसांत माणूस 'आपल्याला हे जमणारे नाही' असे म्हणून जुन्या शब्दांकडे परततो.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सुरुवातीला काहीच बदलू देत नाही. पहिला आठवडा फक्त टिपण ठेवायचे : शिवी कधी आली, कोणासमोर आली आणि तिच्या आधीच्या क्षणी शरीरात काय झाले. नेथन अॅझ्रिन आणि ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये नखे कुरतडणे, मान झटकणे यांसारख्या सवयींसाठी जी पद्धत मांडली, तिचा पाया हाच आहे. आधी सवयीची चाहूल ओळखायला शिकायचे आणि मग त्याच क्षणी अशी दुसरी क्रिया करायची की दोन्ही एकदम होऊच शकणार नाहीत. बोलण्याला हे तत्त्व चांगले लागू पडते, कारण एका तोंडातून एका वेळी एकच शब्द निघतो. टिपण ठेवल्यावर बहुतेकांच्या लक्षात येते की आपल्या शिव्या दिवसभर सारख्या पसरलेल्या नाहीत. त्या दोन-तीन ठरावीक प्रसंगांत दाटलेल्या आहेत. तुमचे ते प्रसंग कोणते, हे तुमच्या टिपणातूनच ठरेल, आणि पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे.

सौम्य उद्गार शिवीइतका आपसूक कधी तोंडात येईल का, ही शंका रास्त आहे. ब्रिटिश मज्जातंतुतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १९व्या शतकातच नोंदवून ठेवले होते की, मेंदूच्या आघाताने बोलणे गेलेल्या काही रुग्णांच्या तोंडून शिवी, उद्गार किंवा एखादे ठरावीक वाक्य मात्र स्पष्ट निघते. जुळवून बोलायच्या वाक्यांसाठी बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या भागातील भाषाकेंद्रे शाबूत असावी लागतात. या तयार शब्दांमध्ये मात्र उजव्या भागाचा आणि मेंदूत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया या पेशीसमूहांचा वाटा मोठा असतो. उपचाराच्या खोलीत हे रोज दिसते. समोरच्या पेल्याचे नाव विचारले की ज्या बाईंच्या ओठांची नुसती धडपड होते, त्यांच्याच हातून तो पेला निसटला की 'अगं बाई!' असे लख्ख शब्द बाहेर पडतात आणि त्या स्वतःच चकित होऊन माझ्याकडे पाहतात. 'अगं बाई'मध्ये निषिद्ध असे काहीच नाही. आयुष्यभर दचकण्याच्या क्षणी तोच म्हटला गेल्यामुळे तो तिथे पोहोचलेला असतो. याचा अर्थ, आपसूकपणा ही शिवीची मक्तेदारी नाही; योग्य क्षणी आणि योग्य आवेगाने पुन्हा पुन्हा म्हटलेल्या कोणत्याही उद्गाराला तो मिळतो. (तुमची सवय जुनी आहे, म्हणून हे सगळे तुम्हाला लागू पडते. डोक्याला मार लागल्यावर किंवा पक्षाघातानंतर कोणाच्या तोंडी अचानक शिव्या येऊ लागल्या असतील, तर पर्यायी शब्द शोधत न बसता आधी मज्जातंतुतज्ज्ञांना दाखवावे.)

आता, सौम्य उद्गाराने शिवीइतके मोकळे वाटते का? वेदनेच्या बाबतीत याचे उत्तर नकाराकडे झुकते आणि ते आधीच माहीत असलेले बरे. इंग्लंडमधील कील विद्यापीठातील रिचर्ड स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी बर्फगार पाण्यात हात बुडवून धरला होता. साधा शब्द म्हणताना जितका वेळ हात ठेवता आला, त्याहून अधिक वेळ तो शिवी म्हणताना ठेवता आला. २०२० मध्ये त्यांनी 'फाउच' आणि 'ट्विझपाइप' हे दोन मुद्दाम बनवलेले शब्द शिवीऐवजी देऊन पाहिले. लोकांना ते गमतीचे वाटले, पण वेदना सोसण्याच्या क्षमतेत त्यांनी भर पडली नाही. याच मालिकेतील २०११ चा एक निष्कर्ष तुमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे : ज्यांच्या तोंडी रोजच पुष्कळ शिव्या असतात, त्यांना शिवीचा हा फायदा कमी मिळतो. दिवसभर शिव्या वापरणाऱ्या माणसाने ते हत्यार आधीच बोथट करून ठेवलेले असते. त्यामुळे ते खाली ठेवताना त्याचे फारसे नुकसान होत नाही.

वेदनेसाठी मी कोणालाही नवा शब्द शोधायला सांगत नाही. 'आई गं', 'अयाई गं', 'मेलो रे' हे उद्गार प्रयोगशाळेत बनवलेल्या शब्दांसारखे परके नाहीत. लहानपणी गुडघा फुटला तेव्हापासून ते आपल्या तोंडात आहेत आणि शिव्यांची सवय पुढे त्यांच्यावर चढलेली आहे. त्यांत स्वर लांब ओढता येतो, त्यामुळे अडलेला श्वास सावकाश बाहेर पडतो. हा भाग बहुतेकांना सर्वांत सोपा जातो.

चिडचिडीचे तसे नाही, आणि तिथे ध्वनीचा प्रश्न येतो. शिरी लेव्ह-आरी आणि रायन मॅके या संशोधकांनी २०२२ मध्ये परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या अनेक भाषांतील शिव्या तपासल्या, तेव्हा त्यांत य, र, ल, व यांसारखे मऊ, घरंगळणारे ध्वनी इतर शब्दांच्या मानाने कमी आढळले. उलट इंग्रजीत शिव्यांना बोथट करून जे सभ्य पर्याय तयार झाले आहेत, त्यांत हे ध्वनी मूळ शिव्यांपेक्षा जास्त निघाले. आपले उद्गार याच कसोटीला लावून पाहा. 'अरेरे', 'अय्या', 'अरे देवा', 'बाप रे' यांत 'र' आणि 'य' आहेत. ते हळहळीला, आश्चर्याला शोभतात, पण छापायला दिलेला कागद यंत्रात तिसऱ्यांदा अडकला की दुबळे पडतात. त्या वेळी 'हात्तिच्या' म्हणून पाहावे. 'त्त'वर जीभ दातांमागे क्षणभर घट्ट दाबली जाते, हवा अडते आणि मग सुटते. रागाला हवा असलेला फटका तिथे मिळतो. 'छट्', 'हट्', 'धत्' यांचा जोर असाच व्यंजनावर संपतो. 'सत्यानाश!' हा माझा विशेष आवडता उद्गार आहे. तो पुरेसा लांब आहे, त्यात 'त्य'चा आघात आहे आणि शेवटच्या 'श'वर उरलासुरला श्वास सोडून देता येतो. 'बोंबला!' हाही चांगला, कारण तो घोटाळा झाल्याचे मान्य करतो आणि दोष मात्र कोणालाच देत नाही.

निवडीचा आणखी एक निकष मी वापरते, आणि माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी तोच ठरला आहे. शिवी बाहेर पडण्याआधी तोंड तिच्या पहिल्या अक्षरासाठी तयार होते. पुष्कळ मराठी शिव्या 'भ'ने सुरू होतात. त्यांच्या आधी ओठ मिटतात, गाल किंचित ताठरतात आणि श्वास ओठांमागे अडतो. हा क्षण अगदी छोटा असला तरी आठवडाभराच्या टिपणानंतर तो जाणवू लागतो. त्या वेळी तोंड उघडून अगदी वेगळ्याच जागेवरचा शब्द उच्चारायचा म्हटले तर जीभ अडखळते आणि सवयीचा शब्दच जिंकतो. त्याऐवजी मिटलेल्या ओठांतूनच निघणारा उद्गार तयार असला, म्हणजे 'बाप रे', 'बोंबला', 'भलतेच!' किंवा 'मेलो!', तर तोंडाला दिशा बदलावी लागत नाही. 'स'ने सुरू होणाऱ्या शिवीच्या जागी 'सत्यानाश' सहज बसतो आणि 'च'ने सुरू होणाऱ्या शिवीला नुसते 'च्च!' पुरते. कित्येकदा शिवीचे पहिले अक्षर निघून गेलेले असतानाही शब्द असा वळवता येतो. याचा सराव एकट्याने, मोठ्याने आणि खऱ्या आवेगाने करावा. गाडीत एकटे असताना तो सर्वांत चांगला होतो, कारण तिथे प्रसंगांची वाण नसते आणि ऐकायला कोणी नसते. पुटपुटत म्हटलेला 'हात्तिच्या' सरावात धरू नये.

आतापर्यंतचे थोडक्यात असे : कळ आली तर लांब स्वराचे उद्गार, चरफड झाली तर जोडाक्षराचा फटका असलेले, आणि दोन्हीकडे शक्यतो जुन्या शिवीच्याच जागेवरून निघणारे. आश्चर्याला 'अरेच्चा', 'अबब', 'बाप रे' आहेतच. मित्रावरचा लाड 'लेका', 'गड्या', 'भल्या माणसा' यांत छान मावतो. केवळ वाक्य भरणाऱ्या शिवीला मात्र कोणताही पर्याय देऊ नये. तिथे क्षणभर गप्प राहावे. नाही तर महिन्याभराने दर वाक्याला 'च्च' म्हणण्याची नवी खोड लागते आणि तीही ऐकणाऱ्याला तितकीच खुपते.

'जुने ते सोज्वळ' हे गृहीतक घेऊन चालू नये. इंग्रजी-फ्रेंच भाषांत मुख्य निषिद्ध गोष्ट बराच काळ देवाचे नाव होती. इंग्लंडमध्ये १६०६ साली रंगभूमीवर देवाचे नाव थट्टेत घेण्याबद्दल दहा पौंड दंडाचा कायदा झाला होता, आणि तिथले जुने सौम्य उद्गार बहुतांशी देवाचे नाव मोडून बनलेले आहेत. फ्रेंचांनी 'द्यू' म्हणजे देव या शब्दाच्या जागी 'ब्लू' म्हणजे निळा हा शब्द घालून 'साक्रब्लू' म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडे नेमके उलटे घडले आहे. 'अरे देवा', 'शिव शिव', 'राम राम राम' हे देवाचे नाव घेणारे उद्गार कोणाला खुपत नाहीत, निषिद्ध आहे ती आई-बहीण. आणि म्हणून झिजून सौम्य झालेल्या आपल्या उद्गारांत आईच दडलेली सापडते. 'च्यायला' आणि 'आयला' यांत ती आहे, 'हात तिच्या' यातल्या 'तिच्या'मागेही तीच आहे, आणि 'शिंच्या' तर 'शिंदळीच्या' या उघड शिवीचे आखडलेले रूप आहे. पैकी 'हात्तिच्या' इतका झिजला आहे की तो लहान मुलांच्या गोष्टींतही खपतो, म्हणून मी तो सुचवते. 'च्यायला' काही घरांत सहज चालतो आणि काही घरांत त्यावरून आजही कानउघाडणी होते. तुमच्या घरातल्या ज्येष्ठांच्या चेहऱ्याकडे पाहून हा निर्णय घ्यावा. 'शिंच्या' मी सुचवणार नाही. 'मेल्या', 'मुडद्या', 'सटवे', 'टवळे' हे शब्द जुन्या कथा-नाटकांमुळे गमतीचे वाटतात, पण ते माणसाच्या मरणावर किंवा बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवतात. जातींची नावे अपमानासाठी वापरणारे जुने वाक्प्रचार तर सरसकट टाकून द्यावेत. देवाच्या नावाचे उद्गार श्रद्धा नसलेल्या माणसाला आपल्या तोंडी खोटे वाटत असतील, तर त्याने ते घेऊ नयेत. बाकीचा साठा पुरेसा मोठा आहे.

याहून अवघड भाग माणसावर फेकलेल्या शिवीचा. उद्गार हा घडलेल्या गोष्टीला उद्देशून असतो, शिवी समोरच्या माणसाला. त्यामुळे इथे शब्दाला शब्द ठेवून काम होत नाही. सहकाऱ्याने तिसऱ्यांदा चुकीचा तक्ता पाठवला आणि तुम्ही शिवीऐवजी 'गाढवा!' किंवा 'वा, काय दिवे लावलेत!' म्हणालात, तर भाषा शुद्ध झाली असली तरी घाव तोच राहिला. खोचक बोलणे तर रोखठोक शिवीपेक्षा जास्त दिवस सलते. अशा वेळी मी दोन टप्पे सुचवते. आधी कागदाकडे किंवा पडद्याकडे पाहत 'सत्यानाश!' म्हणून श्वास सोडावा, आणि मग माणसाकडे वळून सरळ वाक्य बोलावे : "हा तक्ता जुना आहे, यामुळे मला सगळी बेरीज पुन्हा करावी लागणार आहे आणि मी वैतागलो आहे." नजर आधी वस्तूकडे आणि नंतर माणसाकडे जाणे हे ऐकायला किरकोळ वाटते, पण ऐकणाऱ्याला उद्गार आपल्यासाठी नव्हता हे त्यावरूनच कळते. राग वारंवार इतका येत असेल की हा पहिला टप्पासुद्धा हाती लागत नाही, तर प्रश्न शब्दांचा राहिलेला नाही. त्यासाठी समुपदेशकाकडे जावे.

नाटकी वाटण्याची भीती अर्धी खरी आहे. 'इश्श', 'अय्या', 'अगं बाई' हे उद्गार बायकांच्या तोंडचे म्हणून रूढ आहेत आणि एखाद्या पुरुषाने ते म्हटले की लोक हसतात. 'अबब' तरुण माणसाच्या तोंडी जरा बालगोष्टीतला वाटतो. हसण्याचा फायदाही होतो, कारण तापलेल्या खोलीत कोणी 'अगं बाई' म्हटले की ताण उतरतो. पण गंभीर बैठकीत किंवा कोणी दुःखद बातमी सांगत असताना तोच उद्गार थट्टा वाटेल. तिथे 'अरेरे' किंवा मौनच योग्य. सुरुवातीला मित्र चिडवतील हे धरून चालावे. त्यांना आधीच सांगून ठेवले की आपण शिव्या सोडतो आहोत, तर चिडवण्याची जागा आठवण करून देण्याला मिळते. अॅझ्रिन आणि नन यांच्या पद्धतीतही जवळच्या माणसांच्या मदतीला महत्त्वाचे स्थान आहे.

किती दिवस लागतील, हे माणसागणिक बदलते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यमानाने ६६ दिवस लागले, पण व्यक्तीगणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत गेला. ते खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या सवयींचे आकडे आहेत, तरी त्यातली एक गोष्ट इथेही उपयोगाची आहे : एखादी संधी हुकल्याने एकूण प्रगतीत फारसा फरक पडला नाही. म्हणून शिवी निसटलीच तर स्वतःला दूषणे देत बसू नये. तिच्या पाठोपाठ लगेच, त्याच जोराने, ठरवलेला उद्गार म्हणावा. सुरुवातीला तो शिवीच्या मागून येतो, मग तिच्यात मिसळून अर्धामुर्धा येतो आणि पुढे शिवीच्या आधी येऊ लागतो. माझ्याकडच्या बहुतेकांची प्रगती याच क्रमाने झाली आहे.

मुलाच्या कानावर एखादी शिवी पडलीच, तर 'असे म्हणायचे नाही हं!' असा गजर करू नये, आणि ते बोबडेपणाने ती परत म्हणाले तर हसूही नये. मूल शब्द उचलते ते त्यातल्या आवेगामुळे, आणि त्यावर घरात खळबळ उडाली की तो शब्द त्याला आणखी मोलाचा वाटतो. चेहरा साधा ठेवून बोलणे पुढे न्यावे. थोड्या वेळाने हातातले काही पडले की मोठ्याने 'हात्तिच्या!' म्हणावे, आणि हसायचे ते मूल हे म्हणेल तेव्हा.